पटावरून नाव कमी

उपनगरातल्या एका माध्यमिक शाळेत मी लिपिक आहे. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली शाळा. तिचा इतिहास स्मरणिकेत छापलेला आहे, पण मला तो जास्त खरा वाटतो तो जनरल रजिस्टरात. आणि त्यातही शेवटच्या रकान्यात : शाळा सोडल्याचे कारण.

परवा एक बाई आल्या, पंचावन्नच्या पुढच्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचंय, त्यासाठी दाखला हवा होता. १९८२ साली नववीत होते, एवढंच त्यांना सांगता येत होतं.

शिपाईकाकांनी कपाटावरून रजिस्टर उतरवलं. त्याची शिवण सुटलीय, हात लागला की कडा झडतात, म्हणून मी पान पट्टीनं उलटते. त्या वर्षाची पानं मी आजवर सलग कधी वाचलीच नव्हती. शेवटच्या रकान्यात 'पालक गावी गेले'. खाली पुन्हा 'पालक गावी गेले'. मग लिहिणाऱ्याचाही हात दुखला असावा, नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यातले कितीतरी उपनगरातून पहाटेची गाडी पकडून पाळीला जाणारे. संप मिटेना, तशी बिऱ्हाडं गावी निघाली आणि आमच्या वर्गांतली नावं गेली.

या बाईंच्या नावापुढे मात्र निराळा शेरा होता : 'सतत गैरहजर, नाव कमी केले.'

त्यांनी तो बोट ठेवून वाचला.

"आम्ही गावी गेलो नाही मॅडम, गावाकडे काही नव्हतंच. आई धुण्याभांड्याला जायला लागली, मी धाकट्या दोघांना घेऊन घरी. शाळेची घंटा घरात ऐकू यायची."

हे दाखल्यावर लिहाल का, असं त्यांनी विचारलं. मला नाही म्हणावं लागलं. रजिस्टरात असेल तेच दाखल्यावर उतरतं. नियम योग्यच आहे, तरी त्या दिवशी तो फार टोचला.

मी 'दुय्यम प्रत'चा शिक्का काढला. दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, असं सांगणार, तेवढ्यात दाखला दिल्याच्या तारखेकडे लक्ष गेलं. रकाना कोरा होता. त्यांचा दाखला तेव्हा कुणी नेलाच नव्हता. शिक्का खणात ठेवला, मूळ दाखल्याचं पुस्तक काढलं आणि मुख्याध्यापकांची सही आणायला स्वतः गेले.

दाखला मिळाल्याची सही करायला पेन दिलं, तर त्या थांबल्या.

"माहेरचं नाव लिहू?"

"तेच लिहा ताई. इथे तेच आहे."

वडिलांच्या नावासकट त्यांनी ते पूर्ण लिहिलं, एकेक अक्षर जोडत. मग फॉर्ममध्ये संपर्क केंद्र म्हणून हीच शाळा निवडता येईल का, ते विचारलं.