एस्टिमेटचा कागद

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या बिलाच्या खिडकीत माझी नोकरी झाली. बी.कॉम. झाल्यावर तात्पुरती म्हणून बसले आणि रिटायर होऊनच उठले. त्यामुळे वैद्यकीय कायद्यावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन, की कायदा विधानसभेत होतो पण माणसाला तो भेटतो बिलाच्या खिडकीत.

हे लिहायला कारण माझा भाचा. हाडांचा डॉक्टर आहे, गडहिंग्लजला स्वतःचं हॉस्पिटल काढतोय. परवा आला तो डोक्याला हात लावूनच. म्हणाला, "आत्या, महाराष्ट्रात तो दवाखान्यांना नियम घालणारा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटचा कायदा आला तर आम्ही संपलो. तुमच्या कर्नाटकात डॉक्टरांना जेलमध्येच घालणार होते ना?"

घालणार होते, हे खरं. पण गोष्ट तेवढीच नाही.

२०१७ च्या जूनमध्ये आमच्याकडचे आरोग्यमंत्री के. आर. रमेश कुमार यांनी विधेयक मांडलं. खाजगी दवाखान्यांसाठी कर्नाटकात २००७ चा कायदा होताच, त्याला ही दुरुस्ती होती. मागे सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती विक्रमजीत सेन यांच्या समितीचा अहवाल होता. विधेयकात बरंच काही होतं. उपचारांचे दर सरकार ठरवणार. रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावायची. जिल्ह्यात तक्रार ऐकणारी समिती. इमर्जन्सीत अडव्हान्स मागायचा नाही. बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही. आणि जादा पैसे घेतले तर दंडाबरोबर तुरुंगवास.

तुरुंगवास हा शब्द छापून आला त्या दिवसापासून बाकीच्या कलमांकडे कुणी बघितलंच नाही.

आमच्या नर्सिंग होमचे सर (मालक आणि सर्जन, दोन्ही तेच) पेपर घेऊन खिडकीशी आले आणि म्हणाले, "बघा, आता तुमच्या बिलात चूक झाली की मी आत." त्यांची भीती खोटी नव्हती. वीस खाटांचं हॉस्पिटल, वरच्या मजल्यावर घर, मशीनचं कर्ज. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला वकिलांची फौज असते, यांना मी आणि एक टॅलीवर हिशेब ठेवणारा मुलगा. शिवाय सेन समितीने सरकारी दवाखान्यांनाही कायद्यात घ्या म्हटलं होतं आणि विधेयकात ते गळालं होतं. यावर सर चिडायचे ते मला पटायचं. सिव्हिलमध्ये स्ट्रेचर नाही म्हणून माणूस आमच्याकडे येतो, आणि कायदा फक्त आम्हाला?

त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन १३ नोव्हेंबरला सुरू झालं. बेळगावात अधिवेशन म्हणजे लॉज फुल्ल, हलग्याजवळ हायवेवर सुवर्णसौध या विधानभवनाभोवती पोलिसांचा वेढा, आणि उसाच्या दरापासून अंगणवाडीच्या मानधनापर्यंत सगळे मोर्चे गावात. आम्हा मराठी माणसांचा त्याच दिवशी व्हॅक्सिन डेपोवर, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या एकीकरण समितीचा महामेळावा व्हायचा. (देवीची लस तयार व्हायची ते हे आवार. नंतर तिथं लशीऐवजी भाषणं व्हायची.) त्या वर्षी या गर्दीत राज्यभरातून डॉक्टर उतरले. मोर्चात उभं राहायची सवय नसलेली ही माणसं, कपड्यांची इस्त्री न मोडता घोषणा देत होती. सर दुपारी ऊन लागून परत आले आणि आमच्याच वॉर्डात सलाइन लावून पडले. त्याचं बिल मी केलं नाही.

१६ तारखेला तर राज्यभर खाजगी ओपीडी बंद. फोन मी उचलत होते. त्या दिवशी चंदगडकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन एसटीने आला. तिची पिशवी काढली होती आणि टाके काढायची तारीख तीच होती. शटर अर्धं. तो म्हणाला, "बाई, टाकं काढायचं हाईत नव्हं, येवढं करा की, परत कवा येऊ?" आमच्या आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, मागच्या दाराने घेतलं आणि टाके काढून दिले. बंदमध्ये सामील असलेला तो पोरगा, पण टाके काढताना त्याला कायदा आठवला नसावा. सिव्हिलच्या ओपीडीची रांग मात्र फाटकाबाहेर गेल्याचं येणारा-जाणारा सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी डॉक्टरांच्या प्रतिनिधींना बोलावलं आणि मिटलं. त्याच अधिवेशनात विधेयक संमत झालं, पण दात उपटून. जादा बिलासाठीचा तुरुंगवास गेला. सरसकट दर बांधायचं गेलं, सरकारी योजनांपुरतं राहिलं. तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण आलं, सनद राहिली, मृतदेहाचं कलम राहिलं. डॉक्टर म्हणाले जिंकलो, सरकार म्हणालं कायदा झाला. ज्याच्यासाठी हे सगळं म्हणे चाललं होतं तो पेशंट त्या बैठकीत कुठल्या खुर्चीवर होता, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आता माझं म्हणणं सांगते, आणि ते भाच्यालाही आवडलं नाही, सरांनाही आवडायचं नाही, आणि आरोग्य हक्कवाल्यांनाही आवडणार नाही. दर बांधून काही होत नाही. निदान दर बांधून भागत नाही.

बिल कसं तयार होतं ते बाहेरच्याला माहीत नसतं. बेड चार्ज ही त्यातली एक ओळ. खाली नर्सिंग चार्ज, आरएमओ चार्ज, डॉक्टर व्हिजिट, रात्रीची व्हिजिट, मॉनिटर, ऑक्सिजन, ओटी (ऑपरेशन थिएटर), भूलतज्ज्ञ, असिस्टंट, लॅब, मेडिकल, कन्झ्युमेबल्स. आणि सगळ्यात खाली 'इतर'. तुम्ही बेडवर हात ठेवलात की पैसे नर्सिंगमध्ये जातात. नर्सिंगवर ठेवलात की ग्लोव्हजमध्ये. गादीतला कापूस एका कोपऱ्यात दाबला की दुसऱ्या कोपऱ्यात वर येतो, तसं. माझ्या खिडकीत बसलेला कुठलाही माणूस हे आठवड्यात शिकतो, सांगावं लागत नाही.

पुरावा पाहिजे तर २०२० बघा. जे २०१७ मध्ये अशक्य, घटनाबाह्य आणि डॉक्टरांना देशोधडीला लावणारं होतं, ते कोविडमध्ये एका आदेशात झालं. महाराष्ट्राने मे महिन्यात दर बांधले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जूनमध्ये कर्नाटकाने बांधले. सरकारने पाठवलेला पेशंट असेल तर वॉर्ड ५,२०० आणि व्हेंटिलेटरचा आयसीयू १०,०००. स्वतःहून पैसे भरणारा असेल तर तेच १०,००० आणि २५,०००. म्हणजे सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे व्हेंटिलेटरची मर्यादा नऊ हजार, अलीकडे पंचवीस हजार. मधे पंधराएक किलोमीटरचा वेंगुर्ला रोड. आजार तोच.

आणि पलीकडे तरी काय झालं? महाराष्ट्राच्या दरात पीपीई किट धरलेलं नव्हतं, महागडी इंजेक्शनं धरलेली नव्हती, सीटी स्कॅन धरलेला नव्हता. कोल्हापूरच्या माझ्या नणंदेच्या बिलात बेडचा आकडा सरकारी दराला पैशाचीही चूक न करता जुळत होता. किटची ओळ मात्र बघण्यासारखी होती. मी ते बिल हातात घेतलं आणि ज्याने केलं त्या अनोळखी बिलिंगवाल्याबद्दल मला, खोटं कशाला बोलू, थोडं कौतुकच वाटलं.

मग काय पाहिजे? मला विचाराल तर दोन गोष्टी, आणि दोन्ही २०१७ च्या भांडणात कोपऱ्यात पडल्या.

एक, ॲडमिट करताना अंदाजे खर्चाचा लेखी कागद. तोंडी नको. तोंडी एस्टिमेट आम्ही रोज द्यायचो. "साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चला." यातल्या 'साधारण'मध्ये काय काय मावतं ते डिस्चार्जच्या दिवशी कळायचं. लोक गरीब असतात म्हणून भांडत नाहीत, आकडा आधी कुणी सांगितला नव्हता म्हणून भांडतात. खिडकीवर झालेली नव्वद टक्के भांडणं मी अशीच बघितली. चाळीस सांगून त्रेचाळीस लागले तर माणूस कर्ज काढून का होईना भरतो आणि जाताना नमस्कार करतो. चाळीस सांगून सत्तर लागले की मग गावचा पुढारी येतो, मग काचा फुटतात, मग डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आणखी एक कायदा करा म्हणून दुसरा मोर्चा. महाराष्ट्रात तो कायदा २०१० पासून आहे. काचा फुटायच्या थांबल्या का?

दुसरी, तक्रार ऐकणारा माणूस कोण आणि कुठे बसतो ते खिडकीवरच लिहिलेलं असणं. आमच्याकडे सनद लागली ती कन्नड आणि इंग्रजीत, छान लॅमिनेट करून, रिसेप्शनच्या मागे टीव्हीच्या वर. आमचे निम्मे पेशंट चंदगड, खानापूर, येळ्ळूरचे. मराठीत वाचणारे, बरेचसे न वाचणारे. मी वहीच्या पानावर मराठीत चार ओळी लिहून खिडकीच्या काचेला चिकटवल्या. बिल ओळीओळीने मागता येतं. रिपोर्टच्या कॉप्या मागता येतात. इमर्जन्सीत पैशासाठी थांबवता येत नाही. तक्रार डी.सी. (जिल्हाधिकारी) ऑफिसला. सरांनी वाचलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे लिहायलाच पाहिजे का?" मी म्हटलं, कायद्यात आहे. कागद तिथेच राहिला.

आणि मृतदेहाचं. कुठलंही हॉस्पिटल मृतदेह अडवत नाही. "फाईल तयार होतेय" असं सांगतं. फाईल तयार व्हायला किती वेळ लागतो ते नातेवाईक पैसे कधी आणतात त्यावर असतं. हे मी एका ठिकाणचं सांगत नाही, या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. २०१७ च्या कायद्याने हे स्पष्ट बंद केलं, आणि एवढ्या एका कलमासाठी मी त्या कायद्याला शंभर गुन्हे माफ करेन. त्यानंतर आमच्याकडे मृत्यू झाला तर फाईल नंतर तयार व्हायला लागली.

भाच्याला मी म्हटलं, तू ज्याला घाबरतोस तो कायदा महाराष्ट्रात कधीपासून येतोय. केंद्राने २०१० मध्ये हा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटचा कायदा केला तो अरुणाचल, हिमाचल, मिझोराम आणि सिक्कीमने ठराव दिले म्हणून. आरोग्य राज्याचा विषय, त्यामुळे बाकीच्यांनी घ्यायचा तर घ्यायचा. महाराष्ट्राने घेतला नाही, आमचा वेगळा करू म्हटलं. २०१४ साली मसुदाही झाला. मसुदाच राहिला. तुला लागू आहे तो अजून १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा, आणि त्याचे २०२१ मध्ये सुधारलेले नियम. त्यात दरपत्रक लावायचं आहे, रुग्ण हक्क सनद लावायची आहे, तक्रार निवारण आहे. म्हणजे तू ज्याला घाबरतोस त्यातलं अर्धं तुझ्या भिंतीवर आजच असायला पाहिजे. आहे का? तो म्हणाला, रंगकाम चालू आहे.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हाही हेच झालं. डॉक्टर रस्त्यावर, दोन आठवडे बंद, मग समझोता आणि बहुतेक खाजगी दवाखाने कायद्याबाहेर. त्याच सुमाराला महाराष्ट्राने आपली मोफत उपचारांची फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि कर्नाटक सरकार खवळलं. आमच्या गल्लीत त्यावर आठवडाभर चर्चा चालली, अस्मितेची. कार्ड घेऊन कुठल्या हॉस्पिटलात जायचं, हे विचारणारी फक्त शेजारची काकू होती, तिला डायलिसिस चालू होतं म्हणून.

तर भाच्याच्या हॉस्पिटलसाठी एस्टिमेटचा फॉर्म मी करून दिलाय. एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात. ऑपरेशन, बेड, भूल, इम्प्लांट कंपनीच्या नावासकट, मेडिकल अंदाजे, लॅब अंदाजे. 'इतर' ही ओळ मी ठेवलेलीच नाही. खाली एक रकाना आहे, खर्च अंदाजाच्या वीस टक्के वर जायला लागला तर त्याच दिवशी नातेवाईकाला सांगायचं आणि सही घ्यायची. भाचा म्हणतो, रात्री दोनला पेशंट बिघडला तर मी ओटीत असणार, सही कोण घेणार? मी म्हटलं, खिडकीतला माणूस. तो म्हणतो, रात्रपाळीला खिडकीत माणूस ठेवणं परवडत नाही. त्याच्या पगाराचा आकडा मी काढून दिलाय, आता तो बघू म्हणतोय.