ओव्हर-द-राइन : आधी तळघर, मग ग्लास

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवार ते रविवार, आम्ही दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहरातल्या ओव्हर-द-राइन या भागात मुक्काम केला. नवी रेस्टॉरंट्स आणि स्थानिक ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनवण्याचे कारखाने, यांच्यामुळे हा भाग पुन्हा गजबजला आहे, एवढे ऐकून आम्ही गेलो होतो. परतताना मात्र एक गोष्ट पक्की कळली होती, की इथे कोणत्या क्रमाने फिरावे याला फार महत्त्व आहे. पहिल्या संध्याकाळी थेट ब्रुअरीत जाऊन बसलो, तेव्हा बिअर चांगली लागली. तिसऱ्या दिवशी जमिनीखालची जुनी तळघरे पाहून त्याच ब्रुअरीत पुन्हा गेलो, तेव्हा त्या इमारतीची प्रत्येक भिंत ओळखीची वाटली. म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत आम्ही गेलो त्या क्रमाने नव्हे, तर जायला हवे होते त्या क्रमाने लिहीत आहे.

नावाची कथा आधी सांगितली पाहिजे, कारण पाटीपाटीवर ती भेटते. एकोणिसाव्या शतकात शहराच्या मध्यभागातून मायामी आणि ईरी कालवा वाहत असे आणि त्याच्या उत्तरेला जर्मन स्थलांतरितांची दाट वस्ती होती. कालवा ओलांडून तिकडे जायचे म्हणजे जणू जर्मनीतली ऱ्हाईन नदी ओलांडायची, म्हणून तो भाग ‘ओव्हर-द-राइन’. कालवा आता नाही. त्याच्या जागी १९२० च्या दशकात भुयारी रेल्वेचे बोगदे बांधले गेले आणि वर सेंट्रल पार्कवे हा रुंद रस्ता आला. रेल्वे मात्र कधीच धावली नाही. १९०० च्या सुमारास इथे जवळजवळ ४५,००० माणसे राहत होती आणि २००७ पर्यंत ती ५,००० च्याही खाली आली, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मधल्या शतकाची कल्पना येते. पहिल्या महायुद्धात जर्मन असण्याचाच संशय घेतला जाऊ लागला आणि १९१८ मध्ये रस्त्यांची जर्मन नावे बदलली गेली. आजचा रिपब्लिक स्ट्रीट हा तेव्हाचा ब्रेमेन स्ट्रीट. पाठोपाठ १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि ज्या धंद्यावर ही वस्ती उभी होती तो धंदाच बुडाला.

तिथे पोहोचणे सोपे आहे. शहराचा विमानतळ प्रत्यक्षात ओहायो नदीपलीकडे केंटकी राज्यात आहे, तिथून शहराच्या मध्यभागी बस येते. एकदा मध्यभागी आलात की ट्राममध्ये बसावे. २०१६ मध्ये सुरू झालेली ही ट्राम साधारण पावणेसहा किलोमीटरच्या वर्तुळात फिरते आणि २०२० पासून तिला तिकीट नाही. मात्र ती एकाच दिशेने फिरते, हे आम्ही पहिल्या दिवशी लक्षात घेतले नाही आणि उगाच लांबच्या फेरीत बसून राहिलो. उत्तरेकडे जाताना ती एल्म स्ट्रीटवरून जाते आणि परतताना रेस स्ट्रीटवरून येते. हे दोन रस्ते लक्षात ठेवले की कुठल्या थांब्यावर उभे राहायचे हा प्रश्न सुटतो. भाड्याच्या गाडीची गरज नाही, आणि ज्या दिवशी बिअर प्यायची आहे त्या दिवशी तर गाडीला हातच लावू नये.

सकाळ फिंडले मार्केटने सुरू करावी. १८५५ मध्ये उघडलेला, लोखंडी सांगाड्याचा हा मंडईचा लांबट मंडप आजही रोजच्या खरेदीसाठी वापरला जातो. एकेकाळी सिनसिनाटीत असे नऊ सार्वजनिक बाजार होते, त्यांतला हा एकच उरला. सोमवारी तो बंद असतो. शनिवारी इतकी गर्दी होते की उभे राहून खायलाही जागा शोधावी लागते. आम्ही शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास गेलो, तेव्हा दुकानदारांना दोन शब्द बोलायला उसंत होती.

इथे गेटा खावा. डुकराचे मांस, बहुतेक वेळा थोडे गोमांस, जाडसर कापलेले ओट्स, कांदा आणि मसाला हे सगळे तासन्‌तास शिजवून साच्यात ओतायचे, थंड करून वडीसारखे कापायचे आणि मग तव्यावर भाजायचे, असा हा पदार्थ आहे. गरीब जर्मन कुटुंबांनी थोडे मांस जास्त तोंडांना पुरावे म्हणून त्यात ओट्स घातले. आमच्यासमोर बोटभर जाडीचा तुकडा तव्यावर पडला आणि विक्रेत्याने तो बराच वेळ हलवलाच नाही. आम्हाला वाटले करपणार. ‘घाई केली तर तो फुटतो,’ एवढेच तो म्हणाला. खालची बाजू गडद तपकिरी, पापडासारखी कडक झाल्यावरच त्याने तो उलटला. तोडला तेव्हा आत ओट्सचा दाणा न्‌ दाणा वेगळा दिसत होता आणि चव मिऱ्यांची, थोडी धुरकट होती. जे डुकराचे किंवा गाईचे मांस खात नाहीत त्यांनी हा पदार्थ वगळावा. त्यांच्यासाठी त्याच मंडपात बेल्जियन वाफल आहेत, चॉकलेट आहे आणि बाहेर जिलाटो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम आहे. त्यांनाही उपाशी राहावे लागणार नाही.

बाजारानंतर तळघरे. शहरात ‘ब्रुइंग हेरिटेज ट्रेल’ नावाने आखलेला मार्ग आहे आणि वाटाड्यासह सहली निघतात. त्यांतली जमिनीखाली नेणारी सहल निवडावी आणि जागा आधी नोंदवून ठेवावी, कारण एका गटात मोजकीच माणसे घेतात. खाली का उतरायचे, ते कळण्यासाठी लागर या प्रकारची बिअर कशी बनते हे थोडे समजून घ्यावे लागते. एल या प्रकारच्या बिअरचे यीस्ट उबेला काम करते आणि लवकर आटोपते. लागरचे यीस्ट थंडाव्यात, साधारण ८ ते १२ अंशांवर, संथपणे काम करते, आणि त्यानंतर ती बिअर गोठणबिंदूच्या जवळ कित्येक आठवडे मुरत ठेवावी लागते. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवणे, त्यावरूनच तिचे नाव पडले. यंत्राने थंडावा निर्माण करता येण्याआधी ओहायोच्या उन्हाळ्यात हे साधणार कसे? उत्तर जमिनीखाली होते. हिवाळ्यात बर्फ साठवायचा, रस्त्याखाली दोन-दोन मजले खोल तळघरे खणायची आणि पिंपे तिथे मुरवायची. १८६० च्या सुमारास या शहरात तिसाहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. वरच्या रस्त्यांइतकेच काम खाली चालत असणार.

आम्ही उतरलो तो जिना अरुंद होता आणि कठड्याला धरूनच उतरावे लागले. खाली दोन्ही बाजूंना चुनखडीच्या दगडांच्या भिंती आणि वर विटांची अर्धगोल कमान होती. भिंतीवर तळवा टेकवला तर ओल हाताला लागत होती. वाटाड्याने क्षणभर दिवे मालवले आणि वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीची घरघर फक्त ऐकू येत राहिली. यंत्राचा थंडावा आल्यावर या तळघरांची गरज संपली. पुढे दारूबंदीनंतर कित्येक तळघरांची तोंडे बुजवली गेली आणि वर राहणाऱ्यांना आपल्या पायाखाली काय आहे याचा पत्ताही उरला नाही. गेल्या काही दशकांत इमारतींची डागडुजी करताना ती एकेक करून पुन्हा सापडली. पायात घट्ट बूट हवेत, अंगात पातळ जाकीट हवे, आणि ज्यांना गुडघ्यांचा किंवा बंद जागेचा त्रास आहे त्यांनी जागा नोंदवण्यापूर्वी पायऱ्यांविषयी विचारून घ्यावे.

यानंतर ऱ्हाईनगाइस्ट. एल्म स्ट्रीटवर, बाजारापासून पायी काही मिनिटांवर असलेली ही ब्रुअरी २०१३ मध्ये सुरू झाली. नावाचा अर्थ ‘ऱ्हाईनचे भूत’, आणि हे नाव नुसते आकर्षक म्हणून घेतलेले नाही. ही इमारत ख्रिश्चन मोअरलाइन ब्रुअरीच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्याची. मोअरलाइनची ब्रुअरी १८५३ मध्ये सुरू झाली, शहरातली सर्वांत मोठी झाली आणि दारूबंदीत बंद पडली ती १९३३ मध्ये बंदी उठल्यावरही उघडली नाही. रस्त्यावरच्या दारातून आत गेल्यावर जिना चढून वर जावे लागते आणि मग एकदम प्रचंड उंचीचे दालन उघडते. छतातून दिवसाचा उजेड येतो, एका बाजूला पोलादी टाक्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला लांबलचक बार. संध्याकाळी इथे आवाज फार असतो. बोलायचे असेल, टाक्यांकडे निवांत पाहायचे असेल, तर दुपारी जावे. हवा चांगली असेल तर गच्चीवर चढावे, तिथून टेकड्यांपर्यंतचा सारा परिसर दिसतो.

काय प्यावे? त्यांची ‘ट्रूथ’ ही आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे एलचा कडवट प्रकार) सर्वत्र प्रसिद्ध आहे आणि ती उत्तम आहे. संत्र्याच्या सालीसारखा वास आणि शेवटी ठाम कडवटपणा. पण मी आग्रह धरीन तो त्या दिवशी नळावर असलेल्या लागरचा किंवा पिल्सनर या लागरच्याच एका प्रकाराचा, कारण नुकतीच ती ज्या भिंतींमध्ये मुरत असे त्या भिंतींना हात लावून आलेलो असतो. फळ्यावरची नावे बदलत राहतात, म्हणून लहान मापाचे ग्लास घेऊन तीन-चार प्रकार चाखावेत. पूर्ण अमेरिकन पाइंट म्हणजे ४७३ मिलिलिटर, आणि काही आयपीए ७ टक्क्यांच्या वर असतात, हे विसरू नये. वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा मागतात, पिकलेले केस पाहूनही मागतात. परदेशी पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.

एवढ्या ब्रुअऱ्या एकाच दशकात कशा उगवल्या, हा प्रश्न आम्ही वाटाड्याला विचारला. त्यामागे कायद्याचाही हात आहे. ओहायोने २०१२ मध्ये ब्रुअरीला स्वतःच्या टॅपरूममध्ये, म्हणजे कारखान्यातच असलेल्या पिण्याच्या दालनात, ग्लासने बिअर विकण्यासाठी लागणाऱ्या वेगळ्या, महागड्या परवान्याची अट काढून टाकली, आणि त्यामुळे लहान उत्पादकाला मोठ्या वितरकाची वाट न पाहता दारातच गिऱ्हाईक मिळू लागले. रिकाम्या, मजबूत, उंच छताच्या इमारती इथे होत्याच.

जेवणासाठी व्हाइन स्ट्रीटचा बाराव्या ते पंधराव्या रस्त्यांमधला पट्टा सर्वांत दाट आहे. ‘द ईगल’ हे जुन्या टपाल कार्यालयात थाटलेले तळलेल्या कोंबडीचे ठिकाण. कोंबडीवर तिखट मध ओतून देतात आणि तो मध वेगळा मागून घ्यावा असा आहे. ‘पेप अँड डोलोरेस’मध्ये इटालियन जेवण मिळते, आणि शाकाहारी माणसाला तिथे पास्त्यात भरपूर निवड आहे. शनिवारी संध्याकाळी एका रेस्टॉरंटबाहेर आम्हाला दीड तास थांबावे लागले, नोंदवलेले नाव मध्येच यादीतून गळाले आणि शेवटी आम्ही उपाशीच बाहेर पडलो. नंतर कळले की त्या दिवशी जवळच्या स्टेडियममध्ये एफसी सिनसिनाटी या फुटबॉल संघाचा सामना होता आणि म्युझिक हॉलमध्ये संगीताचा कार्यक्रम. म्हणून या दोन्ही वेळापत्रकांवर नजर टाकूनच टेबल राखून ठेवावे, किंवा साडेपाचला जेवून घ्यावे. पैशांचा हिशेब असा, की मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. इथला विक्रीकर ७.८ टक्के आहे आणि बसून जेवल्यावर १८ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे, म्हणजे मेनूवर १०० डॉलर दिसले तर खिशातून सुमारे १२७ जातात.

व्हाइन स्ट्रीटवर फिरताना डोळे दिपतात, आणि इथेच थोडे थांबून पाहावे असे मला मनापासून वाटते. एप्रिल २००१ मध्ये या भागात पोलिसांनी १९ वर्षांच्या एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घालून मारले आणि शहर कित्येक दिवस धुमसत राहिले. २००३ मध्ये ३सीडीसी ही विकास संस्था स्थापन झाली, तिने इमारतींमागून इमारती घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि आज दिसणारा बराचसा कायापालट तिच्या कामातून झाला. २००६ मध्ये देशातल्या सर्वाधिक धोक्यात आलेल्या ११ ऐतिहासिक ठिकाणांत ज्याची गणना झाली तो हा भाग वाचला, याचे मोल मोठे आहे. पण वॉशिंग्टन पार्कच्या २०१२ च्या नूतनीकरणात तिथला सार्वजनिक पोहण्याचा तलाव आणि बास्केटबॉलची मैदाने गेली, बाराव्या रस्त्यावरचा बेघरांचा निवारा २०१५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला, आणि स्वस्त भाड्याची घरे खूप कमी झाली. इथे अनेक पिढ्या राहिलेल्यांपैकी पुष्कळांना आता इथे राहणे परवडत नाही. बागेतल्या बाकावर एक वयस्कर बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी कारंज्यांकडे बोट दाखवून सांगितले, ‘मी पोहायला तिथे शिकले.’ त्या रागावून बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

लिबर्टी स्ट्रीट ओलांडल्यावर फरक लगेच दिसतो. १९५० च्या दशकात रुंद केलेला हा रस्ता भागाचे दोन तुकडे करतो. दक्षिणेला रंगवलेल्या कमानदार खिडक्या आणि उत्तरेला, बाजाराचा परिसर सोडला, तर अजूनही फळ्या ठोकलेली दारे. दिवसा आम्ही सगळीकडे पायी फिरलो आणि कुठेही अडचण आली नाही. रात्री उशिरा उत्तरेकडच्या निर्जन गल्ल्या टाळून ट्रामच्या रस्त्यानेच यावे. लोकांच्या दारांचे, ओट्यांवर बसलेल्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

दोन रात्री आणि दोन पूर्ण दिवस पुरेसे आहेत, आणि शक्य असेल तर ते बुधवार ते शुक्रवार निवडावेत. राहण्याची जागा वॉशिंग्टन पार्कच्या आसपास मिळाली तर सगळे पायी होते. परतीच्या विमानात बिअरचे डबे चेक-इन सामानातच टाकावेत, कपड्यांत गुंडाळून आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घालून. आमचा एक डबा वाटेत चेपला, पण पिशवीमुळे बाकीचे सामान वाचले. गेटा मात्र देशाबाहेर नेण्याचा विचार करू नये, मांसाचे पदार्थ बहुतेक देशांच्या सीमेवर अडवले जातात. तो तिथेच, तव्यासमोर उभे राहून खावा.