1098 ला कळवलं, तर मूल आईपासून तोडतील का?

शेजारच्या घरातलं मूल उपाशी दिसतं, अंगावर वळ दिसतात, तरी हात फोनपाशी अडतो. ‘कळवलं आणि त्याला आईपासून तोडलं तर?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन घेणारा माणूस हे ठरवत नाही. जिवाला धोका असेल तर मुलाला लगेच हलवतात, पण प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे उभं करावंच लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती निर्णय घेते. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि बालगृहासारखी संस्था हा शेवटचा उपाय.

खरं वजन असतं गृहचौकशीला, म्हणजे कार्यकर्त्याने घरी जाऊन केलेल्या पाहणीला. तिला 15 दिवस मिळतात, अंतिम आदेशाला चार महिने. घाईने केलेली चौकशी एका भेटीत उरकते आणि अहवालात येतं, ‘घरची परिस्थिती हलाखीची.’ या एका ओळीवर मूल बालगृहात अडकू शकतं. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे! आई रात्रपाळीला गेल्यावर मुलाजवळ कोण असतं, ते झोपतं कुठे, शाळेची हजेरी कधीपासून तुटली, कोणाचं नाव निघालं की ते गप्प होतं, हे पाहायला वेगवेगळ्या वेळी जावं लागतं. मुलाशी एकट्याने बोलावं लागतं. आईसमोर ते ‘सगळं बरं आहे’ म्हणणारच.

अडचण पैशाची निघाली, तर उपायही पैशाचाच हवा. महाराष्ट्रात एक पालक गमावलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात आणि मूल घरीच राहतं. अर्ज रखडतात ते मृत्यूचा दाखला नसतो किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं म्हणून. अशा वेळी कार्यकर्त्याने मुलाच्या आईला नुसती कागदांची यादी देऊ नये, तिच्यासोबत कचेरीत जावं.

मारणारा किंवा लैंगिक अत्याचार करणारा घरातच असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मूल त्याच्या हाती परत देता येत नाही. आजी, मावशी असं सुरक्षित घर आधी शोधायचं.

फोनवर ‘त्या घरात काहीतरी वाईट चाललंय’ एवढंच सांगू नका. मुलाचं अंदाजे वय, काय दिसलं, कधी दिसलं, आत्ता ते कुठे आहे आणि घरापर्यंत पोचायची खूण सांगा. आणि कृपा करून त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे.