बेडफर्ड हिलवरचा न सुटलेला खून

दक्षिण लंडनमधल्या बॅलम स्थानकाजवळून बेडफर्ड हिल हा रस्ता टूटिंग बेकच्या माळाकडे जातो, आणि चार्ल्स ब्राव्हो मृत्युप्रकरणाचा जवळजवळ सगळा भूगोल या एका रस्त्यात मावतो. स्थानकाकडच्या टोकाला ‘द बेडफर्ड’ हा पब लागतो, तर माळालगत ‘द प्रायरी’ ही कंगोरेदार कठड्याची, टोकदार कमानींच्या खिडक्यांची पांढरी हवेली उभी आहे. तिच्यात आता खासगी सदनिका असल्यामुळे मी ती बाहेरूनच पाहिली.

१८ एप्रिल १८७६ च्या रात्री याच घरात चार्ल्स ब्राव्हो हा तिशीतला बॅरिस्टर गरम पाण्यासाठी ओरडत खोलीबाहेर आला आणि तीन दिवस तळमळून मरण पावला. लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते. पोटात गेले होते ते टार्टार एमेटिक, म्हणजे अँटिमनीचे पाण्यात सहज विरघळणारे विष, जे त्या काळी घोड्यांच्या औषधातही वापरत. झोपण्यापूर्वी खोलीतल्या सुरईतले पाणी पिण्याची चार्ल्सची सवय होती, त्यामुळे संशयाची सुई त्या सुरईकडे वळते. ‘मी विष घेतले आहे, फ्लॉरेन्सला सांगू नका,’ असे तो आपल्याला म्हणाल्याचे पत्नीची सोबतीण मिसेस कॉक्स हिने सांगितले. डॉक्टरांजवळ मात्र त्याने दुखऱ्या हिरड्यांना लॉडॅनम, म्हणजे अफूचा अर्क, चोळल्यापलीकडे काहीही कबूल केले नाही. खर्चकपातीसाठी चार्ल्स याच बाईंना कामावरून काढू पाहत होता, हे लक्षात घेतले तर ती साक्ष मला तरी गळी उतरत नाही.

पत्नी फ्लॉरेन्स श्रीमंत विधवा होती. जलोपचारांसाठी नावाजलेल्या वयस्कर डॉक्टर गली यांच्याशी तिचे पूर्वी प्रेमसंबंध होते, आणि गलींचे घरही याच रस्त्यावर होते! तेव्हा हॉटेल असलेल्या बेडफर्डमध्ये त्या उन्हाळ्यात दुसरी मृत्युचौकशी, म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणारी ज्युरीसमोरची सुनावणी, २३ दिवस चालली, तेव्हा सुरईपेक्षा या संबंधांचीच उलटतपासणी जास्त झाली. ज्युरींनी खून झाल्याचे ठरवले, पण कोणावरही ठपका ठेवण्याइतका पुरावा नसल्याचेही नोंदवले. खटला कधीच उभा राहिला नाही. बदनाम झालेली फ्लॉरेन्स प्रायरी सोडून समुद्रकाठच्या साउथसी गावी गेली आणि दारूच्या आहारी जाऊन १८७८ मध्ये वारली.