कोहिमा: टेनिस कोर्टाच्या दोन्ही बाजूंना

कोहिमाला जायचं पक्कं झाल्यावर पहिलं काम म्हणजे इनर लाइन परमिट, नागालँडमध्ये शिरण्याचा परवाना. आपल्यालाही ते लागतं. ऑनलाइन मिळतं, पण एक छापील प्रत जवळ ठेवा. दिमापूरपर्यंत रेल्वे किंवा विमान, पुढे 74 किलोमीटर शेअर सुमोने. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून आम्ही नोव्हेंबर निवडला. डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत हॉर्नबिल महोत्सव असतो. तेव्हा खोली मिळवायला बरीच आधी धडपड करावी लागते.

सोबत माझे मामा होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. गाडीत बसल्यापासून त्यांच्या तोंडी दुसऱ्या महायुद्धातली सांगशाकची लढाई. "मार्च 44 मध्ये आमची 4/5 मराठा पलटण तिथे होती. एक हिंदी आणि एक गुरखा, अशा दोन पॅराशूट पलटणींबरोबर. जपान्यांना अडवून धरलं म्हणून कोहिमाला तयारीला वेळ मिळाला." सांगशाक मणिपुरात उखरूलच्या बाजूला आहे. मणिपुरातली परिस्थिती 2023 पासून बिघडलेली असल्याने आम्ही तिकडे गेलो नाही. तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी तिथल्या माणसांशी बोला, नुसत्या नकाशावर विसंबू नका.

कोहिमाचं युद्धस्मशान शहराच्या मध्यभागीच आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. डोंगरउतारावर टप्प्याटप्प्याने चढत जाणाऱ्या हिरवळी आणि त्यावर 1,420 थडगी. साहेब असो की शिपाई, प्रत्येकाची पाटी सारखीच. खाली दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनचं स्मारक आहे. नागा लोक आपल्या मृतांसाठी उभारतात तसा भलामोठा दगड. वर हिंदू आणि शीख सैनिकांचं दहनस्मारक, त्यावर 917 नावं. या माणसांचं दहन झालं, म्हणून त्यांना थडगं नाही. बरेच जण खालच्या दगडापाशी फोटो काढून परत फिरतात. कृपा करून वरपर्यंत चढा. मामांनी तिथे चप्पल काढली आणि एकेक नाव वाचत पाऊण तास काढला.

मधल्या टप्प्यावर टेनिस कोर्ट आहे. आधी तिथे डेप्युटी कमिशनरचा बंगला होता. आता फक्त कोर्टाच्या पांढऱ्या रेषा राखल्या आहेत. एप्रिल-मे 1944 मध्ये या कोर्टाच्या एका बाजूला ब्रिटिश आणि हिंदी सैनिक होते, दुसऱ्या बाजूला जपानी. मधे एवढंच अंतर, आणि हातबॉम्ब. मी दोन्ही कडांना उभी राहून पाहिलं. एका कडेला मेलेल्यांची नावं आजूबाजूला कोरलेली दिसतात. दुसऱ्या कडेला मेलेल्यांचं इथे एकही नाव नाही.

"जे आपल्या मुलखावर चालून आले, त्यांना कसला मान?" मामा म्हणाले. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्या सैन्याने आशियाभर केलेले अत्याचार खरे आहेत. इथल्या नागा गावांचा भातही त्याने खाल्ला, आणि ही लढाई नागा माणसांनी मागितली नव्हती. तरीही मामांना मी सातो यांची गोष्ट सांगितली. 31व्या जपानी डिव्हिजनचे हे सेनापती. रसद येईना, माणसं उपाशी मरू लागली, तेव्हा वरिष्ठ मुतागुची यांचा हुकूम मोडून त्यांनी माघार घेतली. त्याबद्दल त्यांचं पद गेलं. इंफाळ-कोहिमाच्या मोहिमेत सुमारे 30 हजार जपानी मेले, त्यातले कितीतरी भुकेने आणि रोगाने. हुकूम सोडणारे मुतागुची मात्र 1966 पर्यंत जगले.

म्हणून हुकूम सोडणारे आणि उपाशी मेलेले, या दोघांना मला एका तराजूत घालता येत नाही. तोक्योच्या यासुकुनी मंदिरात 1978 मध्ये पहिल्या श्रेणीचे 14 युद्धगुन्हेगारही इतर मृतांबरोबर पूज्य ठरवले गेले. ते मला मुळीच मान्य नाही. पण सक्तीच्या भरतीने आलेला, डोंगरात उपाशी मेलेला पोरगा वेगळा. त्याला हार नको, पुतळा नको. त्याच्या घरच्यांना येऊन उभं राहता येईल अशी एक जागा आणि त्याचं नाव, एवढा मान मला त्याचा हक्क वाटतो. आझाद हिंद सेनेतले जे या मोहिमेत गेले, त्यांचाही.

दुपारी अराडुरा टेकडीवरच्या कॅथेड्रलला गेलो. त्याच्या उभारणीला जपानी माणसांनीही पैसे दिले होते, इथे पडलेल्यांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून. मामा आत आले नाहीत, पायरीवर बसले. मी बाहेर आले तेव्हा म्हणाले, "त्यांच्या आयांना तरी कुठे कळलं असेल, पोरगं कुठं पडलं ते." त्यापुढे त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

निघणाऱ्यांसाठी थोडं. स्मशानात पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर सकाळी लवकर जा, थांबत थांबत चढा. नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि थंडी झपाट्याने वाढते, स्वेटर जवळच ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात. खाण्याची आणि गाडीची सोय शनिवारीच करा. रोख पैसे असू द्या. किसामाच्या हेरिटेज व्हिलेजमध्ये दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय आहे, त्याला अर्धा दिवस द्या. कोर्टाच्या रेषांवर मुलांना पळू देऊ नका. आणि वहीपेन घेऊन जा. मामांनी दहनस्मारकावरची अकरा नावं उतरवून आणली आहेत, त्यांची गावं कोणती ते आता ते शोधत बसलेत.