ओपनसीपीएन चोख, पण वीजजोडणी आधी तपासा

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ओपनसीपीएन हे सागरी नकाशे दाखवणारे सॉफ्टवेअर चालवून केलेल्या बोटीच्या सफरीनंतर माझे मत ठाम आहे : हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर भरवशाचे आहे, परंतु ‘नुसते जोडा आणि निघा’ असे सांगून तयार संच विकणाऱ्यावर विसंबू नका. जे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, त्याच्या नावाखाली आमच्याकडून भरमसाट रक्कम घेतली गेली, आणि ज्या जोडणीसाठी ती मोजली तीच कच्ची निघाली.

मोकळ्या समुद्रात सर्व सुरळीत होते. रात्री सामुद्रधुनीच्या तोंडाशी वारा पडला म्हणून इंजिन सुरू केले, तेव्हा स्टार्टरने खेचलेल्या विजेमुळे १२ व्होल्टच्या बॅटरीचा विद्युतदाब घसरला आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला. नकाशा उमटला, पण बोटीची खूण करडी पडलेली आणि आसपासच्या जहाजांच्या खुणा नाहीशा झालेल्या. संगणक पुन्हा सुरू होताना दोन यूएसबी पोर्टांच्या क्रमांकांची अदलाबदल झाली होती; त्यामुळे ४८०० बॉडने (बॉड म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग) बोलणाऱ्या जीपीएसचे ३८४०० बॉडवर ऐकले जात होते आणि एआयएसचे (आसपासच्या जहाजांची स्थाने कळवणाऱ्या यंत्रणेचे) नेमके उलट. हे उमगेपर्यंत, दोन्ही बाजूंना खडक असताना, आम्ही दीपगृहांचे दिशाकोन कागदी नकाशावर मांडत पुढे सरकत होतो. ती भीती अजून गेलेली नाही, म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

संगणकाला स्टार्टरच्या बॅटरीवरून वीज देऊ नका. वेगळ्या बॅटरीवरून, ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर अखंड देणाऱ्या कन्व्हर्टरमार्फतच द्या. पडद्यावर विजेचे चिन्ह झळकले, तर दाब अपुरा आहे असे समजून निघणे पुढे ढकला. प्रत्येक यूएसबी उपकरणाला, लिनक्समध्ये उपकरणे ओळखणाऱ्या यूडेव्ह या सोयीच्या नियमाने, कायमचे नाव द्या, म्हणजे क्रमांक बदलले तरी जोडणी चुकणार नाही. मग बंदरातच, सर्व यंत्रे चालू ठेवून, इंजिन पुन्हापुन्हा सुरू करून पाहा. ही चाचणी न करता निघणे मला अक्षम्य वाटते. पाय ४ मध्ये स्वतःचे घड्याळ नसते, त्यामुळे वीज गेल्यावर वेळ चुकते आणि भरती-ओहोटीचे अंदाजही चुकतात. बॅटरीवर चालणारे घड्याळ जोडून घ्या.

आणखी एक, नकाशा मोठा करून पाहिल्याने तो अचूक होत नाही. इलेक्ट्रॉनिक नकाशातील विश्वासार्हतेची श्रेणी ‘सी’ असेल, तर दाखवलेले स्थान ५०० मीटरपर्यंत चुकू शकते. अशा पट्ट्यातून दिवसाउजेडीच, खोलीमापक चालू ठेवून जा.