पुढच्यास ठेच

नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की लोकांचे दोन तट पडतात. काही जण पहिल्याच रात्री डाउनलोड लावून झोपतात, काहींचं बोट 'नंतर आठवण करा' या बटणावरून हलत नाही. मी दुसऱ्या तटातला. नव्याचं मला वावडं नाही. नवे आयकॉन, नवे वॉलपेपर मीही हौसेने बघतो, फक्त दुसऱ्याच्या स्क्रीनवर.

भित्रेपणा म्हणा हवं तर, पण ही भीती काही हवेतून आलेली नाही. 2014 च्या सप्टेंबरात आयओएस 8.0.1 आलं आणि नव्याकोऱ्या आयफोन 6 वरचं नेटवर्कच गेलं. ॲपलला ते त्याच दिवशी मागे घ्यावं लागलं. 2018 च्या ऑक्टोबरात विंडोज 10 च्या अपडेटने काही जणांच्या फाइलीच पुसल्या, आणि मायक्रोसॉफ्टने ते देणं थांबवलं. उबुंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी तर वाट बघणं रीतीतच बसवलंय. तिची 24.04 ही आवृत्ती एप्रिल 2024 मध्ये आली, पण आधीची एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती वापरणाऱ्याला अपग्रेडचं आमंत्रण जातं ते पहिली डागडुजी होऊन मागे .1 लागल्यावरच. बनवणारेच थांबा म्हणत असतील तर मी कशाला घाई करू?

खरं तर माझा निर्णय सिस्टीमवर ठरतच नाही. तो ठरतो टेबलाच्या कोपऱ्यातल्या स्कॅनरवर. कंपनीने त्याचं नवं ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला तो चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, देणं कधीच बंद केलंय, पण काच स्वच्छ आहे आणि कागद अजून सरळ उमटतो. असं एखादं म्हातारं यंत्र किंवा जुनं सॉफ्टवेअर बहुतेकांकडे असतं. 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिनाने 32-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं, तेव्हा अनेकांना कळलं की आपलं रोजचं काम ज्यावर चालतं ते याच जुन्या पिढीतलं आहे. जाहिरातीत नव्या सोयींची यादी असते. काय बंद पडणार, ते आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

शिवाय परतीची वाट. विंडोजवर अपग्रेडनंतर साधारण दहा दिवस मागे फिरता येतं. आयफोनवर ॲपलने जुन्या आवृत्तीचं दार लावलं की मग जे आहे त्यातच नांदायचं. म्हणून मी आधी बॅकअप घेतो, आणि नुसता घेत नाही, त्यातली एखादी फाइल उघडूनही बघतो. बॅकअप 'झाला' असं स्क्रीन सांगते, त्यावर माझा फारसा भरवसा नाही.

मात्र एक घोटाळा हमखास होतो. मोठी आवृत्ती लांबवता लांबवता माणूस सुरक्षेचे छोटे पॅच, म्हणजे दुरुस्त्याही लांबवू लागतो. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने मे 2017 मध्ये जगभर संगणक ओलीस धरले, पण त्या भोकावरचा पॅच मार्चमध्येच येऊन पडला होता. तिथे थांबणारे शहाणे ठरले नाहीत. छोटे पॅच मी आले की घालतो, कुरकुर न करता. (रीस्टार्टच्या वेळेवरून कुरकुर होते, ती वेगळी.)

थांबण्यालाही शेवट असतोच. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे कितीतरी धडधाकट मशीन नियमात न बसल्याने दाराबाहेर राहिली. इतकं ताणलं की निवड आपली राहत नाही, तारखेची होते. म्हणून मी दोन-तीन महिने थांबतो, वर्षं नाही. आणि हातात मुदतीचं काम असेल तर तेव्हाही अपग्रेड करत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला जरा खुपते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा हे ठीक, पण पुढे कुणी गेलंच नाही तर? सगळेच माझ्यासारखे .1 ची वाट बघत बसले, तर त्या .1 मध्ये दुरुस्त काय होणार? पहिल्या रात्री उडी मारणाऱ्यांचं वायफाय तुटतं, बॅटरी दुपारीच मान टाकते, ते कळवतात, म्हणून माझं अपग्रेड निवांत पार पडतं. आपण मात्र त्यांना उतावळे म्हणून मोकळे होतो. हल्ली माझ्या ओळखीतला असा एखादा तक्रार करायला लागला की मी शेवटपर्यंत ऐकतो, मॉडेल कोणतं तेही विचारतो. आणि हळूच, स्कॅनर चालतोय का?